मोरछाप गोळी आणि माझी निर्दोष जीभ

दुकानात उभं राहून गोळी तोंडात टाकू नये. टाकायचीच असेल तर घरी यावं, दार लावावं आणि मग टाकावी. म्हणजे जे काही व्हायचं ते चार भिंतींत होतं. हे शहाणपण मला आज आलेलं आहे. त्या दिवशी मी गोरक्षनाथच्या किराणा दुकानात उभा होतो.

गोरक्षनाथचं दुकान नगरला, आमच्या सावेडीतल्या कॉलनीच्या तोंडाशीच आहे. मी गेलो होतो पोह्यांसाठी. काउंटरवर एक बरणी दिसली आणि बरणीत पिवळ्या कागदातली, कागदावर निळा मोर असलेली गोळी दिसली. मोरछाप चिंचगोळी. मी एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क आहे, डोक्यावर केस मोजके आहेत, मुलगी लग्नाची आहे. पण तो मोर पाहिला आणि मी थेट जामखेडच्या शाळेबाहेर, हातगाडीपाशी जाऊन उभा राहिलो.

ज्यांनी मूळ मोरछाप खाल्लेली नाही त्यांची मला कीव येते. काळपट, खडबडीत, दिसायला मुरमाचा खडा. आधी आंबट लागायची, मग खारट, मग ओव्याचा ठसका, आणि सगळं संपत आल्यावर जिभेच्या मुळाशी एक कडवट, धुरकट झटका. त्या झटक्यासाठीच तर गोळी खायची. माझी थोरली बहीण केशरबाई आणि मी एकच गोळी घ्यायचो. ती फ्रॉकच्या टोकात धरून चिमणीच्या दातांनी फोडायची आणि मोठा तुकडा कोणाचा यावरून आम्ही घरापर्यंत भांडायचो. झटका आला की दोघंही डोळे मिटून उभे राहायचो. आमची आई म्हणायची, "पोरांना फेफरं येतंय का काय."

तर मी गोळी तोंडात टाकली. आंबट आली. खारट आली. ओवा आला. मी डोळे मिटून झटक्याची वाट बघत राहिलो. झटका आला नाही. गोळी गुळगुळीत, गोड, सभ्यपणे विरघळून गेली. एखाद्या मोठ्या हॉस्पिटलातली रिसेप्शनिस्ट जशी हसून 'बसा हं' म्हणते आणि पुढे काहीच करत नाही, तशी ती गोळी होती.

"गोरख, ही डुप्लिकेट आहे," मी म्हणालो.

"न्हाई साहेब, मार्केटयार्डातून आनलीय. आता तर लई भारी झालीय. पोरं लई नेतेत."

"आता झालीय म्हणजे बदललीय ना?"

"बदलली न्हाई. भारी झालीय."

याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी आणखी मूठभर गोळ्या घेतल्या, कारण एका गोळीवरून निष्कर्ष काढणं न्यायाला धरून नाही, आणि पोहे विसरून घरी आलो.

घरी सविताने, म्हणजे माझ्या बायकोने, एक गोळी खाल्ली आणि म्हणाली, "चांगली आहे की."

"ही ती नाही."

"अहो, गोळी तीच असेल. तुमची जीभ तरी कुठे तीच राहिलीय? परवा वांग्याच्या भरतात मीठ नव्हतं आणि तुम्ही दोनदा वाढून घेतलंत."

"ते मी भीतीने घेतलं होतं."

"आणि पोहे कुठेत? ते जाऊ द्या. कोल्हारच्या पाहुण्यांना काय कळवायचं ते आज ठरवा. ते लोक रविवारी या म्हणतात."

हे कोल्हारचं प्रकरण थोडक्यात सांगतो. आमची सुकन्या इथे एका दवाखान्यात फार्मासिस्ट आहे. सुप्याच्या एमआयडीसीत नोकरी करणारा ओम लोंढे नावाचा मुलगा तिला पसंत होता, त्याला ती पसंत होती, आणि दोघांनी अत्यंत आज्ञाधारकपणे आपापल्या घरी 'तुम्ही ठरवाल तसं' असं सांगितलं होतं. परिचयपत्रकात घर कोल्हारला, प्रवरेच्या काठी, बागायती शेती, ऊस, डाळिंब, 'शिवाय किरकोळ घरगुती उद्योग' असं लिहिलं होतं. मी समजलो, पापड-लोणची असतील. मी रविवार मान्य केला आणि पुन्हा गोळीकडे वळलो.

आमच्या शेजारी आबासाहेब राहतात. ते कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले, पण कोर्ट त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. संध्याकाळी मी त्यांना गोळी दिली. त्यांनी ती आधी उजेडात धरली, मग चाखली, आणि म्हणाले, "वराट, हा आता तुमचा खाजगी प्रश्न राहिलेला नाही. ही ग्राहकाची फसवणूक आहे. मोर तोच, कागद तोच आणि माल वेगळा. तक्रार करा. पण आधी जिभेचा बंदोबस्त करा."

"जिभेचा?"

"समोरच्याचा वकील पहिला प्रश्न तोच विचारणार. तक्रारदाराची जीभ घटनेच्या वेळी कामाची होती का?"

म्हणून मी जिभेच्या डॉक्टरकडे गेलो. तसा वेगळा डॉक्टर नसतो, कान-नाक-घसावाल्यांकडेच जावं लागतं, आणि ते जीभ अशी वाटेत लागलेली म्हणून बघतात. तरुण डॉक्टर होते. त्यांनी माझे डोळे रुमालाने बांधले आणि जिभेवर एकेक थेंब टाकला. मी साखर ओळखली, मीठ ओळखलं, लिंबू ओळखलं, आणि शेवटचा थेंब टाकल्यावर इतकं वाईट तोंड केलं की नर्स हसली. डॉक्टर म्हणाले, "जीभ उत्तम आहे." मी म्हणालो, "तसं लिहून द्या." त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच कोणाच्या जिभेला चारित्र्याचा दाखला दिला असावा. पण जाता जाता, वय आहे तर रक्तातली साखरही तपासून घ्या म्हणाले. ती काठावर निघाली. त्यामुळे जीभ निर्दोष सुटली आणि चहातली साखर बंद झाली. आबासाहेबांच्या सल्ल्याची ही पहिली फळं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी आबासाहेबांबरोबर अन्न खात्याच्या कचेरीत तक्रार द्यायला गेलो. इथे एक गोष्ट नमूद करतो. अर्ज घेणाऱ्या खिडकीच्या आतल्या बाजूला माझी सगळी नोकरी गेली. खिडकीच्या बाहेरच्या बाजूने जग कसं दिसतं हे मला ठाऊकच नव्हतं. बाहेरून खिडकी फार खाली असते. माणसाला मान वाकवूनच बोलावं लागतं, आणि मान वाकवली की आवाज आपोआप विनंतीचा निघतो. खिडकीत एक बाई होत्या, अगदी माझ्यासारख्याच. म्हणजे माझ्याकडे न बघता बोलत होत्या.

"काय त्रास झाला?"

"चव बदललीय."

"तो पदार्थाचा गुण झाला. तुम्हाला काय झालं? उलटी, जुलाब, अंगावर पित्त?"

"दुःख झालं."

बाईंनी कागदावर वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "दुःखाला रकाना नाही."

"मग 'इतर'मध्ये घ्या."

"'इतर'मध्ये झुरळ येतं. बरं, आधीची चव वेगळी होती म्हणता, तर आधीच्या मालाचा नमुना आणलाय?"

"तो चाळीस वर्षांपूर्वी खाल्ला. ती चव माझ्या तोंडात आहे."

"तोंड जमा करून घेता येत नाही," बाई म्हणाल्या. त्यात चेष्टा नव्हती. मीही त्या जागी हेच म्हणालो असतो.

आबासाहेब तोवर माझ्या खांद्यावरून आत डोकावत होते. ते म्हणाले, "लिहा मॅडम. भेसळीचा संशय." मी त्यांच्याकडे पाहिलं. ते कुजबुजले, "तसं लिहिल्याशिवाय कागद हलत नाही. संशय म्हणजे आरोप नव्हे." मीही ते चालू दिलं. उत्पादकाचा पत्ता कागदावर मोराच्या पायाखाली, घडीत दडपलेला होता आणि मला भिंगातूनही लागेना. बाई म्हणाल्या, "असू द्या. घाऊक विक्रेत्याकडून आम्ही शोधून काढतो." त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला. पुढे तो आदर मला चांगलाच महाग पडला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण आमच्या वरच्या मजल्यावर पंकजा राहते. तिचा स्वयंपाकाच्या व्हिडिओंचा उद्योग आहे आणि तिला तीन हजार लोक बघतात. ती म्हणाली, "काका, अर्जाने काही होत नसतं. लोकांसमोर या." मला कॉलनीच्या बागेतल्या घसरगुंडीच्या पायरीवर बसवलं, हातात गोळी दिली आणि मोबाईल समोर धरून म्हणाली, "मनापासून बोला." मी मनापासून बोलणारा माणूस नाही, कार्यालयीन टिप्पणी लिहिणारा माणूस आहे. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे. केशरबाई आठवली, फ्रॉकचं टोक आठवलं, आणि मी म्हणालो, "या कंपनीने माझं बालपण नासवलं."

पंकजाने त्या वाक्याखाली सनई घातली. शिवाय कुठून तरी भेगाळलेल्या जमिनीचं चित्र आणून जोडलं. दोन दिवसांत तो व्हिडिओ तिच्या तीन हजारांना ओलांडून कुठल्या कुठे गेला. जामखेडहून केशरबाईचा फोन आला. "रामहरी, तू रडत का हुतास? सविता बरी हाय ना?" भाजीवाला मला बघून कोथिंबिरीची जुडी फुकट देऊ लागला. आणि कचेरीत साहेबांनी बोलावून घेतलं. ते म्हणाले, "वराट, समाजमाध्यमांवर एखाद्या उद्योगाविरुद्ध वक्तव्य करण्यापूर्वी तुम्ही कार्यालयाची परवानगी घेतली होती का?"

"साहेब, ते बालपणाबद्दल होतं."

"बालपणी तुम्ही सेवेत नव्हता. पण वक्तव्य सेवेत असताना केलंय. खुलासा द्या."

इतरांचे खुलासे मागवण्यात ज्याची हयात गेली, त्याने स्वतःचा खुलासा लिहिण्यासारखी मानहानी नाही. मी चार वेळा लिहिला आणि चार वेळा फाडला. शिपाई जाता-येता 'चिंचगोळी साहेब' म्हणतो हे मला कळलं होतं, पण न कळल्याचं दाखवणं ही हेडक्लार्कची पहिली पात्रता असते.

शुक्रवारी मात्र खिडकीतल्या बाईंचा फोन आला. उत्पादक सापडला, नमुने घेतले, आणि निकाल येईपर्यंत भट्टी बंद ठेवायला सांगितलंय. मी फोन ठेवला तेव्हा माझी छाती शर्टात मावेना. आबासाहेबांनी पेढे आणले. मला साखरेमुळे अर्धाच मिळाला. "न्याय झाला," आबासाहेब म्हणाले, आणि उरलेला अर्धाही त्यांनीच खाल्ला.

रविवारी कोल्हारला निघालो. गाडी आबासाहेबांची होती, त्यामुळे आबासाहेबही आले. मनमाड रस्त्याने गाडी जितकी पुढे जात होती तितकीच वर-खाली होत होती. सविता मला सारखी बजावत होती, "तिथे गोळीचं नाव काढायचं नाही." सुकन्या म्हणाली, "पप्पा, प्लीज. मी ओमला व्हिडिओचं सांगितलेलं नाही. त्याने बघितला नसला तर देवच पावला." मी म्हणालो, "मी काय लहान आहे?" सविताने माझ्या शर्टाची वरची गुंडी लावली.

लोंढ्यांचं घर मळ्यात होतं. ऐसपैस ओटा, पुढे डाळिंबाची बाग, मागे पत्र्याची लांब शेड. ओमचे वडील आप्पासाहेब पुढे आले. उंच, पांढरा शर्ट, बोलणं मोजकं. ओम होता, त्याची धाकटी बहीण मोनिका होती, आणि दाराशी खुर्चीत त्यांची आजी, छबूबाई, डोक्यावर पदर, हातात काठी, नजर अशी की माणूस आपोआप गुंड्या तपासतो. ओट्याच्या कडेला दोन बायका नुसत्याच बसलेल्या होत्या. रविवार म्हणून पाहुण्यांना बघायला आल्या असतील असं मला वाटलं.

ओमच्या आईने पोहे आणले. बोलणी सुरू झाली. पाऊसपाणी झालं, डाळिंबावरचा तेल्या रोग झाला. मोनिका माझ्याकडे टक लावून बघत होती. मध्येच म्हणाली, "काका, तुम्हाला कुठंतरी बघितल्यासारखं वाटतंय."

"मी कचेरीत असतो," मी म्हणालो.

"त्यांचा चेहरा सर्वसाधारण आहे," आबासाहेब मदतीला धावले.

तेवढ्यात पोह्यांच्या मागून पितळेची वाटी आली. वाटीत पिवळे कागद. प्रत्येक कागदावर मोर.

"घ्या," आप्पासाहेब म्हणाले. "आमच्या आईचा उद्योग. लग्न होऊन आली तवापासून करती. म्हणायला किरकोळ, पण सगळ्या जिल्ह्यात जाती आमची गोळी."

मला एकदम मागच्या शेडमधून येणारा चिंचेचा वास लागला. तो मघापासून येत असणार. ज्या जिभेला मी दाखला मिळवला होता तिचा शेजारी, माझं नाक, बिनकामाचं निघालं. सविताने डोळे मिटून घेतले. सुकन्या ओमकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "तू हे कधी सांगितलं नव्हतंस."

"गोळ्यांचं काय सांगायचं," ओम पुटपुटला. "कॉलेजात सगळे गोळीवाला म्हणायचे."

आप्पासाहेबांचा आवाज जड झाला. "पाव्हणं, आज घरात जरा सुतकासारखं हाय म्हणून माफ करा. नगरच्या कुनीतरी तक्रार केली. भेसळ म्हणून. परवा मानसं येऊन नमुने घिऊन गेली. भट्टी बंद. या कडूबाई, या बनुबाई. शेडमधल्या बाया. काम न्हाई तरी येऊन बसत्यात. आईच्या मालाला आजवर कुनी नाव ठेवलं नव्हतं."

कडूबाई आणि बनुबाई माझ्याकडे बघून समजुतीने हसल्या. त्या हसण्याने मला जे झालं त्याला खरोखरच कुठल्या अर्जात रकाना नाही.

"कोण हो असली माणसं असतात," आबासाहेब म्हणाले. मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी लगेच पोह्यातली मिरची खाल्ली.

छबूबाईंनी काठी टेकली. "खाऊन बगा की गोळी. पाव्हण्यांनी खाल्ली म्हंजी आमचं बी मन हलकं हुईल."

मी गोळी तोंडात टाकली. गोड, गुळगुळीत, सभ्य. सगळं घर माझ्या तोंडाकडे बघत होतं.

"कशी लागली?"

सविताचा हात माझ्या दंडावर आला. चिमटा नव्हता, पण तयारी होती. मी म्हणालो, "छान आहे."

आणि त्याच क्षणी मोनिकाच्या मोबाईलमधून सनई वाजली. बिचारीने आवाज बंद करायला बोट लावलं तर तो वाढला. माझाच आवाज, माझ्याच सुरात, सगळ्या ओट्यावर पसरला. "या कंपनीने माझं बालपण नासवलं."

त्यानंतर जी शांतता झाली तिच्यात डाळिंबाच्या बागेतले पक्षीसुद्धा थांबले असं मी म्हणणार नाही, ते ओरडतच होते. पण माणसं थांबली. आप्पासाहेब हळूहळू उठून उभे राहिले.

"म्हंजे तुमी," एवढंच ते म्हणाले.

सुकन्याने मान खाली घातली होती. मला वाटलं, आता हात जोडावेत, गैरसमज झाला म्हणावं, सगळं आबासाहेबांवर ढकलावं. ते तर त्यासाठीच आलेले असल्यासारखे बसले होते. पण गोळी अजून तोंडात होती आणि ती अजूनही चुकीचीच लागत होती.

मी उभा राहिलो. "आप्पासाहेब, तक्रार मीच केली. भेसळ हा शब्द लिहायला नको होता. ती माझी चूक, आणि ती मी कचेरीत जाऊन निस्तरतो. या दोघींचं काम माझ्यामुळे थांबलं, त्यांची माफी मागतो. यात सुकन्याचा काही दोष नाही. तिने आणि तिच्या आईने मला गोळीचं नाव काढायला बंदी केली होती. पण आत्ता मी छान म्हणालो ते खोटं होतं. ही ती गोळी नाही. शेवटी एक कडवट झटका यायचा. माझी बहीण आणि मी त्या झटक्यासाठी शाळा सुटायची वाट बघायचो. तो गेलाय. तुम्ही मला हाकलून दिलंत तरी तो गेलाय."

"कुठं काय गेलंय?" आप्पासाहेब म्हणाले. "चिंच तीच, गूळ त्योच, आईचा हात त्योच. काय बदललेलं न्हाई."

"बदललंय," खुर्चीतून आवाज आला.

छबूबाई हसत होत्या. आधी नुसते खांदे हलत होते, मग काठी हलायला लागली, मग पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या की मोनिकाने पाण्याचा तांब्या आणला.

"ह्यो मानूस खरं बोलतोय, आप्पा. माजी पयली कढई लोखंडाची. बुड पातळ. कितीबी हलवा, गूळ खाली लागायचाच. करपायचा. घाना दर वेळंला करपट. मला लई लाज वाटायची. तुझा बा म्हनायचा, खपतंय ना, मग गप बस. येवढी वरसं मी करपलेला माल इकला आन् कुनी काय बोललं न्हाई. मागच्या दिवाळीला ओमनं जाड बुडाची नवी कढई करून आनली. तवा कुठं पयल्यांदा गोळी मला पायजे तशी झाली. मी वाट बगत हुते, कुनाला कळतंय का. आप्पाला न्हाई, सुनंला न्हाई, दुकानदाराला न्हाई. कळलं ह्या एकट्याला, आन् ह्यो गेला तक्रार करायला."

मी खाली बसलो. म्हणजे ज्या झटक्यासाठी आम्ही भावंडांनी डोळे मिटले, जो मी व्हिडिओत बालपण म्हणून सांगितला, ज्याच्यासाठी साखर बंद झाली आणि खुलासा मागितला गेला, तो करपलेला गूळ होता. पण छबूबाई माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या, त्या नजरेने आजवर माझ्याकडे कुठल्याही वरिष्ठाने बघितलेलं नाही.

"पाव्हणं," त्या म्हणाल्या, "पुन्यांदा खायचीय का ती?"

"आई, भट्टी बंद ठेवायला सांगितलीय," आप्पासाहेब म्हणाले.

"भट्टी बंद हाय. चूल न्हाई."

जुनी कढई गोठ्यात होती. तिच्यातून म्हशीला आंबोण देत होते आणि म्हैस त्या वेळी जेवत होती. ती काही कढई सोडेना. ओमने आणि आबासाहेबांनी एकेका बाजूने ओढली तेव्हा म्हशीने आबासाहेबांच्या शर्टाला तोंड पुसलं. कडूबाईने कढई राखेने तीनदा घासली. मग छबूबाई स्वतः चुलीपुढे बसल्या, गूळ टाकला, चिंचेचा कोळ टाकला, मीठ, ओवा, आणि हातातलं उलथनं बाजूला ठेवून दिलं.

"हलवायचं नाही का?" मी विचारलं.

"आता कशाला हलवू? करपायचंच हाय नव्हं."

पण सवय वाईट. दर थोड्या वेळाने त्यांचा हात आपोआप उलथन्याकडे जायचा आणि बनुबाई तो धरून ठेवायची. हळूहळू धूर झाला. मग फारच धूर झाला. सविता खोकत बाहेर गेली. सुकन्या आणि ओम डोळे पुसत परसदारी गेले आणि बराच वेळ आत आलेच नाहीत. शेजारच्या मळ्यातला एक माणूस पाण्याची बादली घेऊन धावत आला, आणि पाहुण्यांसाठी गोळी करपवतोय हे ऐकून बादलीसकट परत गेला. आप्पासाहेब दारात उभे होते. त्यांचा राग अजून चेहऱ्यावर होता, पण धुरामुळे नीट दिसत नव्हता.

छबूबाईंनी गरम गोळा ताटलीत काढला, तुपाच्या हाताने वळला आणि माझ्या तळव्यावर ठेवला. मी फुंकर मारली आणि तोंडात टाकला. आंबट आलं. खारट आलं. ओव्याचा ठसका आला. मी डोळे मिटले.

आला.

मी मुलीच्या संभाव्य सासरच्या स्वयंपाकघरात, धुरात, डोळे मिटून उभा होतो. किती वेळ ते सांगता येणार नाही. डोळे उघडले तेव्हा छबूबाईंनी स्वतःही एक तोंडात टाकली होती. त्यांनी ती लगेच पदरात थुंकली.

"शी. हे आवडीनं खायचा तुमी?" त्या म्हणाल्या. "अरारा. लेकरं ती."

आप्पासाहेबांनी तेव्हा एक गोळी उचलली, चघळली, तोंड वाकडं केलं आणि मला म्हणाले, "वराट साहेब, येवढं वाईट लागून बी तुमी आईच्या हाताची चव धरून बसला. आता काय बोलावं तुमच्याशी." मग गोळी कशीबशी गिळून म्हणाले, "साखरपुडा तुमच्याकडं करायचा का आमच्याकडं?" सविता बाहेरूनच म्हणाली, "तुमच्याकडे." तिला आमच्या कॉलनीचा अनुभव होता.

उरलेला सगळा घाणा छबूबाईंनी मला डब्यात भरून दिला, कारण दुसरं कोणी तो घरात ठेवून घ्यायला तयार नव्हतं. अर्धा मी एसटीच्या ओळखीच्या कंडक्टरबरोबर जामखेडला पाठवला. केशरबाईचा फोन आला. आधी फक्त चघळण्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "मोठा तुकडा तूच ठिवला असशील," आणि फोन ठेवला.

तक्रार मागे घ्यायला मी पुन्हा त्या खिडकीशी मान वाकवून उभा राहिलो. या वेळी एकटाच गेलो. आबासाहेबांचा शर्ट धोब्याकडे होता. बाई म्हणाल्या, "आता मागे घेता येणार नाही. निकाल आलाय." त्यांनी कागद फिरवून माझ्यापुढे धरला. चिंच शुद्ध, गूळ शुद्ध, मीठ प्रमाणात, दर्जा उत्तम, भट्टी सुरू करण्यास हरकत नाही. शेवटच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि माझ्याकडे पहिल्यांदाच मान वर करून पाहिलं.

"बघा, स्पष्ट लिहिलंय. नमुन्यात कोणताही दोष आढळला नाही."

"मॅडम," मी म्हणालो, "माझी तक्रार तीच होती."